मझौलीहून सुशी खायला

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. तुमच्याकडे अशा वेळी काय करतात? आमच्याकडे मझौलीत सगळं ठरलेलं असतं. सकाळी विष्णुवराहाच्या देवळात अभिषेक, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी जबलपूरहून येणारी पाहुणेमंडळी आणि जाताना प्रत्येकाच्या हातात कटंगीच्या रसगुल्ल्यांचा डबा. मीही मनात तसंच धरलं होतं. पण एप्रिलमध्ये पुण्याहून मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, आजोबांनी मला एक काम सांगितलंय. आजीला मासे खायला घालायचेत. चांगले."

मी दोन मिनिटं गप्पच होते. कारण तुम्हाला आधी आमचं घर सांगायला हवं.

आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आलं असं सांगतात. १८१८ च्या सुमारास हा मुलूख इंग्रजांकडे गेला, पण आमची मंडळी इथेच राहिली. घर पक्कं शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मालवणजवळच्या गावातल्या. त्यांच्या माहेरच्या ओसरीवरून समुद्र दिसायचा. १९७५ मध्ये कोकण रेल्वे नव्हती. एसटीने मुंबई, तिथून कलकत्ता मेलने जबलपूर, पुढे सिहोरा आणि मग मझौली, असा त्यांचा सासरचा रस्ता. समुद्र जवळजवळ हजार किलोमीटर मागे राहिला.

पहिल्याच वर्षी माहेरून सोड्यांची पुरचुंडी आली होती. आमच्या आजेसासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती पुरचुंडी उचलून तलावावर मासे विकणाऱ्या बाईला देऊन टाकली. ही गोष्ट आईंनी मला फक्त एकदा सांगितली, तीसुद्धा वाटाणे सोलता सोलता, राग न आणता. पुढे माहेरी जाणं झालं तेव्हा त्या मासे खात. पण माहेरी जाणं तरी कितीदा झालं? आठ-दहा वेळा. भाऊ गेल्यावर तेही थांबलं.

बाबांना हे सगळं माहीत होतं, हे मला त्या फोनपर्यंत माहीत नव्हतं.

आता मासेच खायचे तर सुशी कशाला, हा प्रश्न तुमच्यासारखाच मलाही पडला. मुलगा पुण्यात जपानी कंपनीत आहे, जपानी भाषेच्या दोन परीक्षा दिल्यात, त्यामुळे त्याला सगळ्यावर जपानी उपाय सुचतो. मी म्हटलं, दादरला किंवा गिरगावात एखाद्या मालवणी खानावळीत न्या, पापलेट, सुरमई, सोलकढी, त्या खूश होतील. शेवटी आईंनाच विचारलं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "तळलेलं पापलेट खाल्लं की मला माझी आई आठवेल आणि मी सगळ्यांसमोर रडत बसेन. हे नवीन आहे. यात कुणी आठवायचं नाही." मग बाबांकडे बघून म्हणाल्या, "आणि दशावतारात पहिला अवतार माशाचाच आहे, वराह तिसरा."

बाबांनी यावर्षीचा वाटाणा बरा गेल्याचं सांगितलं. म्हणजे पैशाचा विषय संपला.

मग सुरू झाली निवड. ननंद ठाण्याला, त्यामुळे गाव मुंबईच. मुलाने नावांची यादी पाठवली. मुंबईत या प्रकारचं मोठं नाव म्हणजे ताजमहाल हॉटेलातलं वसाबी. मासाहारू मोरिमोतो या जपानी शेफच्या नावाने २००४ मध्ये सुरू झालं. वांद्र्याला इझुमी आहे. आणखी पाचसहा नावं होती. प्रत्येकाचे फोटो एकाहून एक. काळ्या पाटीवर दोन तुकडे, बाजूला एक पान. फोटोवरून मला काही कळेना. मुलगा म्हणाला, तारे बघून ठरवू नकोस. टोकियोत गिंझाला जिरो ओनो यांचं दुकान आहे, तळघरात, जेमतेम दहा खुर्च्यांचं. त्याला २००७ मध्ये मिशेलिनचे तीन तारे मिळाले आणि २०१९ मध्ये ते यादीतूनच गेलं. चव बिघडली म्हणून नाही, तर सामान्य माणसाला तिथे जागाच राखून ठेवता येत नाही म्हणून. "ज्या दुकानात आपल्याला शिरताच येत नाही त्याच्या ताऱ्यांचं आपण काय करायचं?" हे त्याचं बोलणं मला पटलं.

तेव्हा फोन लावायचे ठरले. आणि फोनवर बोलायला बसल्या आई. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाई स्पीकरवर फोन ठेवून इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना मराठीत विचारत होत्या, "मासा कुठून येतो? कुठल्या दिवशी येतो?" तुम्हालाही कधी असं हॉटेल निवडायचं असेल तर हे दोन प्रश्न विचाराच. एका ठिकाणच्या मुलाने "मॅडम, एकदम फ्रेश" एवढंच तीनदा सांगितलं. आईंनी फोन ठेवला. "ज्याला वार माहीत नाही त्याच्याकडचा मासा घेऊ नये."

दुसऱ्या ठिकाणी एक बाई बोलल्या, त्यांनी नीट सांगितलं. कुठला मासा जपानहून विमानाने येतो, कुठल्या दोन दिवशी येतो, सामन नॉर्वेचा. आईंना वाटलं होतं सुशीचा मासा म्हणजे होडीतून उतरलेला, डोळे चकचकीत, कल्ले लालभडक. पण तसं नसतं हे तिथे कळलं. कच्चा खायच्या माशात जंत असू शकतात, म्हणून बरेच मासे आधी गोठवतात; अमेरिकेतल्या नियमात उणे वीस अंशांवर सात दिवस असं माप आहे. काही मासे तर मुद्दाम चारआठ दिवस थंडाव्यात मुरवतात, मग चव येते. सामनची गोष्ट आणखी मजेची. जपानी लोक पूर्वी तो कच्चा खातच नसत, कारण तेच, जंत. नॉर्वेवाल्यांनी १९८० च्या दशकात आपला पाळीव सामन तिकडे नेऊन सवय लावली. आता सुशी म्हटलं की आपल्याला तो नारिंगी तुकडाच आठवतो!

आईंनी विचारलं, "मग या सगळ्याची सुरुवात कुठे झाली?" मुलाने सांगितलं की मूळ सुशी म्हणजे मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा. तो भात बहुधा टाकूनच देत. शिगा प्रांतात अजून तशी करतात, फुनाझुशी म्हणतात तिला. हाताने दाबलेल्या भातावर मासा ठेवून लगेच खायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली, एदोतली, म्हणजे आजच्या टोकियोतली. रस्त्यावरच्या गाड्यांवर विकत. आई म्हणाल्या, "म्हणजे आमचं खारवणंच की. मग गाडीवरचं खाणं एवढं महाग कसं झालं?" याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

खरी अडचण बाबांची होती. बाबांनी येणार म्हटलं होतं आणि उपाशी बसणार नाही असंही म्हटलं होतं. तुमच्या घरात शाकाहारी माणूस असेल तर "व्हेज मिळेल" या शब्दावर थांबू नका. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ते साधारणपणे वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. मिसोचं सूप, भाज्यांची भजी बुडवायचं पाणी, कधीकधी भाजीसुद्धा त्यातच शिजते. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. एका प्रसिद्ध ठिकाणी मी दाशीबद्दल विचारलं तर पलीकडच्या मुलाने "ती डिश आमच्याकडे नाही" असं सांगितलं. हसावं की रडावं! त्या आधीच्या बाईंनी मात्र स्वतःहून विचारलं, माशाचं पाणी चालत नसेल ना? मग आम्ही कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाचं आणि शिताके अळंब्यांचं करू. मिरिनमध्ये मद्याचा अंश असतो, तोही टाळू. दोन दिवस आधी कळवा. तिथेच आमचं ठरलं. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. तुम्ही तुमचे प्रश्न विचारा, तुमचं हॉटेल तुम्हाला सापडेल.

ओमाकासे नावाचा प्रकार असतो, "तुमच्यावर सोपवलं" असा त्याचा अर्थ. शेफ एकामागून एक देत जातो. आम्ही तो घेतला नाही. एका ताटात मासे, दुसऱ्यात काकडी, असं असताना सोपवून कसं चालेल? शेफसमोरच्या लाकडी फळीशी न बसता गोल टेबल मागितलं, म्हणजे दोघं समोरासमोर बसतील. आईंचे गुडघे दुखतात, म्हणून जमिनीलगतची बैठक नको, खुर्ची हवी, हेही सांगितलं. आईंच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. वय झालेल्यांनी, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी कच्चा मासा विचार करूनच खावा. ननंदेच्या सुनेला सातवा महिना होता, तिच्यासाठी उकडलेली कोळंबी आणि शिजवलेलं वामासारखं काहीतरी सांगून ठेवलं.

जागा पक्की झाल्यावर निरोप आला, कृपया उग्र अत्तर लावून येऊ नये, माशाचा आणि भाताचा वास हलका असतो. नियम योग्यच होता. पण आई म्हणाल्या, "लग्नाच्या वाढदिवसाला गजरा नाही?" मोगरा तर खोलीभर घमघमतो. आम्ही सगळ्या विचारात पडलो. तोडगा त्यांनीच काढला. दादरच्या फूलबाजारातून अबोलीचा गजरा आणवला. अबोलीला वासच नसतो. कोकणातलं फूल, पन्नास वर्षांनी केसात.

त्या संध्याकाळचं फार लिहीत नाही. आत शिरलो तेव्हा बाबा पहिल्यांदा देवळात गेल्यासारखे हळू चालत होते. काड्यांनी खायचं कसं ही चिंता होती, पण वाढणाऱ्या मुलीने सांगितलं की सुशी हाताने खाल्ली तरी चालते, जपानातही खातात. आईंचा चेहरा खुलला. दोन गोष्टी तेवढ्या टाळायच्या: भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दोन्ही तिथल्या अंत्यविधीशी जोडलेलं आहे. बाबा लगेच म्हणाले, "आपल्याकडे पिंडाचा भात असतो, तसं." त्यांच्यापुढे काकडीचे रोल आले, गोडसर तळलेल्या सोयाच्या पिशवीत भरलेला भात आला. भाताला बाहेरून गुंडाळलेलं काळं नोरी म्हणजे समुद्रातलं शेवाळ हे ऐकून ते थोडे थबकले. "झाडच आहे ना?" एवढं विचारून खाल्लं. वसाबी नाकात गेल्यावर "मोहरी फेसली आहे" असं जाहीर केलं. ते फारसं चुकलं नव्हतं, कारण साध्या ठिकाणी मिळणारं हिरवं वसाबी बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश आणि मोहरीच असते. इथे मात्र खरं मूळ समोर किसून दिलं होतं.

आईंनी सामन खाल्ला, "लोण्यासारखा" म्हणाल्या. ट्यूना खाल्ला, काही बोलल्या नाहीत. मग एक चंदेरी पाठीचा तुकडा आला, कातडीवर निळसर रेघा. त्यांनी तो तोंडात घातला आणि थांबल्या. मुलीला विचारलं, "हा बांगडा ना?" ती म्हणाली, याला साबा म्हणतात, मॅकरेलच्या जातीचा, आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवतात. आपला बांगडा नव्हे, पण त्याच्याच भाऊबंदांतला. आईंनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच ठेवले. यात कुणी आठवायचं नाही असं ठरलं होतं.

बाबा समोर बसले होते. त्यांनी आपली पाटी थोडी बाजूला सरकवली आणि विचारलं, "कसा आहे?"

पन्नास वर्षांत त्यांनी आईंना माशाबद्दल काही विचारल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. आईंनी नीट विचार करून उत्तर दिलं. "मीठ किंचित जास्त झालंय. पण हात चांगला आहे." मग आणखी दोन मागवले.

बिल मुलाने आजोबांना दिसू दिलं नाही. बाबांनी ते मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. वाटाण्याच्या हिशेबाच्या वहीत ते आजही आहे.

परतीच्या गाडीत, इटारसी गेल्यावर, आईंनी पर्समधून लोणच्याच्या मापांची वही काढली आणि मुलाला फोन लावायला सांगितला. साबा मिठात किती वेळ ठेवतात आणि व्हिनेगरमध्ये किती, हे त्या बाईंना विचारून घे म्हणाल्या. मी घाईघाईने सांगितलं, आई, हे घरी करायचं नाही, तो मासा आधी गोठवलेला असतो, इथे तसा मिळणार नाही. "करणार कुठे आहे," त्या म्हणाल्या, "लिहून ठेवते." बाबा खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "तास विचार नीट. अंदाजे नको."