ऑक्सिजनची वाट

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडतं, केरळात चवऱ्याला त्याच्याबरोबर रुटाइलही. दोन्हींत टायटॅनियम भरपूर, पण ते ऑक्सिजनला सहजी सोडत नाही. कोळशाच्या भट्टीत घातलं तर धातूऐवजी कार्बाइड पदरात पडतं. म्हणून क्रोल यांच्या पद्धतीत आधी क्लोरिनचा वळसा घ्यायचा, मग मॅग्नेशियमनं धातू सोडवायचा. फ्रे, फार्दिंग आणि चेन या केंब्रिजच्या त्रयीनं २००० साली ‘नेचर’मध्ये थेट रस्ता मांडला. ऑक्साइडची गोळी कॅथोड, ग्रॅफाइट ॲनोड, मध्ये ९०० अंशांच्या आसपास वितळलेलं कॅल्शियम क्लोराइड आणि साधारण ३ व्होल्ट.

या पद्धतीच्या भट्टीपाशी काम करताना मला पटलेली गोष्ट एकच: इथे धातू घडवायचा नसतो, ऑक्सिजनला बाहेरची वाट करून द्यायची असते. टायटॅनियम १६६८ अंशांला वितळतं, त्यामुळे गोळी वितळत नाही. जागच्या जागी राखाडी, सच्छिद्र धातू होते.

वाटेची तयारी आधीपासूनच करावी लागते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसं हे क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं. घाईनं तापवलं तर त्यात चुना तयार होतो; म्हणून निर्वातात, हळूहळू सुकवायचं. गोळी फार घट्ट दाबली तर क्षार आत शिरत नाही, सैल ठेवली तर ढासळते. मध्येच कॅल्शियम टायटनेट तयार होऊन फुगतं आणि छिद्रं बुजवतं. त्याचीही जागा आधीच धरून ठेवावी लागते. खनिजातलं लोखंड मात्र या वाटेनं जात नाही, ते धातूतच राहतं. त्यामुळे इल्मेनाइट जसंच्या तसं घातलं तर हाती फेरोटायटॅनियम येतं.

सुरुवातीला करंट जोरात असतो, मग उतरत जातो. गोळी धातूसारखी दिसू लागते आणि नवखे विचारतात, “सर, बंद करायचं?” खरं काम तिथून पुढे असतं. उरलेला ऑक्सिजन धातूतच विरघळलेला असतो आणि तेवढ्यानंही टायटॅनियम ठिसूळ होतं. तो ०.२–०.३ टक्क्यांपर्यंत खाली आणताना बरीचशी वीज क्षारातून नुसतीच वाहून जाते. शिवाय ॲनोडवर ऑक्सिजन आणि ग्रॅफाइटपासून होणाऱ्या वायूमुळे क्षारात कार्बोनेट होतं आणि त्यातला कार्बन कॅथोडवर येऊन बसतो. जास्त वेळ चालवावं तर काजळीची भीती, लवकर थांबवावं तर ठिसूळपणाची.

विजेचा हिशेब बघणारा मला उधळ्या म्हणेल. तरी मी आणखी थोडा वेळ चालू ठेवण्याच्याच बाजूचा. काजळी करंटचा आलेख बघून वेळीच आवरता येते. ठिसूळ टायटॅनियम कोणी विकत घेत नाही.