कन्नड किती येतं?

आम्ही मित्रमैत्रिणी सुट्टीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, 2014 ची आवृत्ती. त्यात पात्राच्या कागदावर भाषांची नावं लिहिली की झालं. भाषा येते, नाहीतर येत नाही. वर 'कॉमन' नावाची एक भाषा बहुतेक सगळ्यांनाच येते! बेळगावात वाढलेल्या माणसाला हे कसं पटावं?

आमच्या आजीचंच बघा की. गणपत गल्लीत भाजीवाल्यांशी ती कन्नडात अशी घासाघीस करते, की ऐकणाऱ्याला तिची मातृभाषाच वाटावी. पण अक्षर एक ओळखत नाही. माझं उलट. शाळेमुळे वाचता-लिहिता येतं, तोंड उघडलं की अडखळते.

'गर्प्स' या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत बोलणं वेगळं आणि वाचणं-लिहिणं वेगळं धरतात. मोडकीतोडकी भाषा 1 गुण, परका हेल असलेली 2, मातृभाषेसारखी 3. मी हिशेब मांडला. आजी : बोलणं 3, वाचन शून्य. मी : बोलणं 1, वाचन 2. बेरीज सारखीच.

आजीला सांगितलं, तर म्हणाली, "तीन म्हणजे पास काय गं?"

गेल्या महिन्यात शेताचा उतारा आला. सरकारी कन्नड, अर्धे शब्द मला नवे. मी एकेक रकाना मोठ्यानं वाचत गेले, अर्थ ती लावत गेली. एका ठिकाणी तिनं थांबवलं, "परत वाच." कधीच फिटलेलं कर्ज अजून बोजा म्हणून तसंच होतं.

अर्ज कन्नडातच द्यायचाय. ती सांगणार, मी लिहिणार.