काळा डबा, १ नग

मागं मी सुलतान बाजारावर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी "आता सालारजंगवर लिहा" असं सुचवलं होतं. दोनदा लिहायला बसलो आणि चार ओळींत थांबलो. म्युझियमबद्दल लिहायचं तर एक घरगुती गोष्ट लिहावी लागते, आणि ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही. आता सांगायला हरकत नाही.

गेल्या डिसेंबरात माझा धाकटा भाऊ औरंगाबादहून आला होता (नवं नाव अजून जिभेवर बसलेलं नाही, राग मानू नये). नात्यातलं लग्न होतं. तो ७१ वर्षांचा, मी ७५. आमचं भांडण वगैरे नव्हतं. लग्नकार्याला येणं-जाणं, दिवाळीला फोन, सगळं व्यवस्थित. फक्त १९९६ पासून त्यानं माझ्या घरी मुक्काम केला नव्हता. हैदराबादला आला की मलकपेठेत मेव्हण्याकडे उतरायचा. आमच्याकडे एक वेळ जेवायचा आणि "निघतो दादा" म्हणायचा. सौ. दरवेळी पांघरूण काढून ठेवायची आणि दरवेळी घडी मोडल्याशिवाय परत ठेवायची.

या वेळी पंगतीत शेजारी बसलो होतो. जिलेबीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "दादा, उद्या सालारजंगला जाऊ या का?"

उद्या शुक्रवार होता. जन्म हैदराबादेत गेला, पण शुक्रवारी सालारजंग बंद असतं हे मला सकाळी रिक्षात बसल्यावर आठवलं. मग शनिवारवर गेलं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते १९६० मध्ये. तेव्हा म्युझियम आजच्या जागी नव्हतं, दिवाण देवडीत होतं. म्हणजे नवाबाच्या राहत्या वाड्यातच. नवाब म्हणजे मीर युसूफ अली खान, तिसरे सालारजंग. १९१२ ते १९१४ सातव्या निजामाचे दिवाण होते, पुढं ती जबाबदारी सुटली आणि उरलेलं आयुष्य वस्तू जमवण्यात गेलं. लोक याला एका माणसाचा संग्रह म्हणतात. पण आजोबांपासूनची खरेदी त्यात आहे. ती प्रसिद्ध बुरखेवाली रेबेका आजोबांनी, पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये रोमहून आणली. पोलीस अ‍ॅक्शननंतर सहा महिन्यांत, मार्च १९४९ मध्ये, तिसरे सालारजंग वारले. लग्न केलेलं नव्हतं. १६ डिसेंबर १९५१ ला नेहरूंच्या हस्ते देवडीतच म्युझियम उघडलं. आता देवडीच्या जागी बाजार भरतो.

त्या पहिल्या भेटीतलं मला फार थोडं आठवतं. खोलीतून खोली, खोलीतून खोली, आणि वडिलांनी घट्ट धरलेलं मनगट. पण एक गोष्ट आमच्या घरात पुढं हजारदा सांगितली गेली. धाकटा हरवला. आई रडकुंडीला आली. सापडला तो एका काचेच्या कपाटापुढं, पहारेकऱ्याशी हुज्जत घालताना. कपाटात बिदरीची काळी भांडी होती आणि हा सहा वर्षांचा पोर सांगत होता, "ये हमारे आई का डब्बा है." पहारेकरी म्हणाला होता, "हौ बेटा, कल आके ले जाना."

आईचा खरंच तसा एक डबा होता. पानाचा. तिचं माहेर बिदर जिल्ह्यातलं, भालकीचं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले तेव्हा तिचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं, आम्ही आंध्रात राहिलो, आणि काका औरंगाबादला होते ते मुंबई राज्यात गेले. वडिलांनाही तिकडं जाता आलं असतं. ते गेले नाहीत. आई म्हणायची, माहेरचं माझ्याकडे एवढंच उरलं, हा डबा. जेवणं झाली की ती तो पुढ्यात ओढायची आणि विडा लावून द्यायचं काम धाकट्याचं. मला पान आवडत नसे. मी तेव्हा कॉमर्सची पुस्तकं घेऊन दुसऱ्या खोलीत.

बिदरी कशी करतात हेही आईकडूनच ऐकलेलं. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात. त्यावर नक्षी कोरून चांदीची तार नाहीतर पत्रा ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात उकळून भांड्याला चोळतात. त्या मातीनं जस्त काळंभोर होतं आणि चांदीला काही होत नाही, ती तशीच पांढरी राहते. आई हे अशा अभिमानानं सांगायची जणू ती माती तिच्या वडिलांच्या शेतातली होती.

आई १९९५ मध्ये गेली. वर्षश्राद्ध झालं आणि घरमालकाला घर रिकामं हवं होतं. मी तेव्हा शाखा व्यवस्थापक, नुकतीच बदली झालेली, हातात तीन आठवडे. बहीण सोलापूरला, भाऊ औरंगाबादला. दोघंही फोनवर म्हणाले, तू बघ. मी बघितलं. बँकेच्या माणसानं बघावं तसंच बघितलं. फुलस्केप वहीत रकाने आखले. अनुक्रमांक, वस्तू, नग, वजन, अंदाजे किंमत, कुणाकडे. जी भांडी कुणाला नको होती ती हातगाडीवर घालून बेगम बाजारात मोडीला नेली. तांबं, पितळ वजनावर गेलं. शेवटी तो डबा तराजूत पडला. दुकानदार म्हणाला, "ये तो जस्ता है साब, इसका क्या आता." मी वहीत लिहिलं: काळा डबा, जस्त, १ नग, ९०० ग्रॅम, ३५ रुपये.

खोटं बोलत नाही, त्या क्षणी मला ती दिवाण देवडीची गोष्ट आठवलीसुद्धा. पण यादी पुरी करायची होती. भाऊ रविवारी येणार होता आणि मला शनिवारी हिशेब मिटवून टाकायचा होता. एवढंच कारण. दुसरं काही सापडत नाही.

रविवारी तो आला, यादी वाचली, आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "काळा डबा म्हणजे कुठला?" मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि संध्याकाळच्या बसनं गेला. सोमवारी मी बेगम बाजारात जाऊन आलो. दुकानदाराला डबा आठवतही नव्हता.

एकूण ३,६४५ रुपये आले होते. तिघांत वाटून प्रत्येकी १,२१५. भावाचे पैसे मी ड्राफ्टनं पाठवले, आमच्याच स्टेट बँक ऑफ हैदराबादचा. त्यानं तो वटवला नाही. बँकवाल्याला हे कळायला वेळ लागत नाही. सहामाही ताळमेळात न वटलेल्या ड्राफ्टांची यादी निघते. त्यात पुढची कितीतरी वर्षं तो मला दिसायचा. सहा महिन्यांनी मुदत संपली, तरी रक्कम खात्यात तशीच. ही गोष्ट मी सौ.लाही सांगितली नव्हती. २०१० ला मी निवृत्त झालो. २०१७ च्या १ एप्रिलला ती बँकच स्टेट बँकेत विलीन झाली.

तर शनिवारी आम्ही दोघं नयापुलावरून मुसी ओलांडून गेलो. ही आत्ताची इमारत १९६८ ची. दोन म्हातारे, तीन गुडघे धड. सालारजंग बघायला एक दिवस पुरत नाही असं सगळे सांगतात. आमच्या वयाला एक दिवस फार होतो. मी आपला वाटाड्या बनून पुढं पुढं. रेबेका दाखवली. संगमरवरातून ओलसर तलम कापड कसं काढलं असेल बेंझोनीनं, हे कोडं मला अजून सुटत नाही. गर्दी मात्र तिच्यासमोर फोटो काढण्यात गुंग, तिच्याकडे पाठ करून. मग तो लाकडी जोडपुतळा. पुढून ताठ मानेचा सैतान मेफिस्टोफिलिस आणि त्याच लाकडाच्या पाठीवर खाली मान घातलेली मार्गारेट. मागं आरसा लावलाय म्हणून ती दिसते. भाऊ आरशात बराच वेळ बघत राहिला. आरशात आम्ही दोघंही दिसत होतो, ते मला नको वाटलं म्हणून मी "चल, घड्याळ चुकेल" म्हणालो.

खरं तर बाराला अजून पाऊण तास होता. आणि बिदरीचं दालन वाटेत येणार हे मला ठाऊक होतं. गेली पंचवीस वर्षं पाहुण्यांना सालारजंग दाखवताना मी ते दालन "इथं काही विशेष नाही" म्हणून टाळत आलोय. या वेळी भाऊच आत वळला.

आत हुक्क्याच्या बैठका, सुरया, तबकं, पानदानं. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर काळी भांडी, त्यामुळं भांडं आधी दिसतच नाही, नुसती चांदीची फुलं हवेत धरल्यासारखी दिसतात. मी सवयीनं पाट्या वाचायला लागलो. काय वस्तू, कुठली, कोणत्या शतकातली. किमतीचा रकाना नाही.

एका पानदानापुढं तो वाकला. मीही वाकलो. मी म्हणालो, "आपलं असंच होतं ना?"

"नाही रे. आपल्याला फुलं नव्हती, वेल होती. झाकणावरून निघून खाली कडेपर्यंत यायची. एका जागी तार निघाली होती, तिथं आईचा अंगठा जायचा. आणि आतल्या चुन्याच्या डबीचं झाकण हरवलेलं, म्हणून तिनं औषधाच्या बाटलीचं बूच लावलं होतं."

मला यातलं काही म्हणजे काही आठवेना. वेल नाही, बूच नाही. पंचेचाळीस वर्षं तो डबा मी ज्या घरात होता त्या घरात वावरलो होतो. मी त्याला तसं सांगितलं. म्हणालो, "मला फक्त वजन आठवतं."

तो सरळ झाला. "किती होतं?"

"नऊशे ग्रॅम."

"एवढंच?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मला दोन्ही हातांनी उचलायला लागायचा."

मी म्हणालो, "चूक झाली माझी." एकोणतीस वर्षं घोकलेलं वाक्य, म्हणायला तीन शब्द. तो काही बोलला नाही. शेजारच्या कपाटातल्या सुरईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बारा वाजतील."

घड्याळाच्या चौकात ही गर्दी. शाळेची पोरं खाली फतकल मारून बसलेली. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वीचं ते घड्याळ, त्यातला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारतो आणि तास भरला की दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येऊन टोले देतो. बाराला बारा टोले, म्हणून ही गर्दी. आम्हाला एका मुलीनं उठून बाकावर जागा दिली. बसल्या बसल्या भावानं विचारलं, नवाबाला मूल नव्हतं तर हे सगळं सरकारनं घेतलं का? मी सांगितलं, नाही, वारसदार होते, बरेच होते. आधी इस्टेट कमिटी नेमली. मग १९५८ मध्ये हायकोर्टात तडजोड झाली आणि वारसांनी संग्रह देशाला देऊन टाकला. १९६१ मध्ये संसदेनं कायदा केला.

"एवढ्या मालावर तडजोड झाली?"

"झाली."

"आपण तर तिघंच होतो," तो म्हणाला, आणि हसला. तेवढ्यात पोरं ओरडली, बाहुला बाहेर आला होता.

बाहेर पडताना मी ड्राफ्टचं विचारलं. "असेल कुठंतरी ट्रंकेत," म्हणाला. मी सांगणार होतो की आता तो नवा करून घ्यायला अर्ज कुठं करायचा, पण पहिल्यांदाच आयुष्यात मी बँकेचा नियम सांगितला नाही.

त्या रात्री त्यानं मेव्हण्याला फोन करून कळवलं की आज दादाकडे आहे. सौ.नं पांघरुणाची घडी मोडली. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "ती वही आहे का रे अजून?" असणारच. मी कागद फेकत नाही. कपाटातून काढून दिली. त्याचा चष्मा मेव्हण्याकडे राहिला होता, म्हणून माझा लावून वाचायला लागला. चौदाव्या ओळीवर थांबला असावा, मी तिकडं बघितलं नाही. पान उलटल्याचा आवाज आला, आणि मग एकदम आवाज चढला.

"दादा, हे काय? पितळी घंगाळ, सुस्थितीत, ताईकडे? अरे, ते गळत होतं! तळाला मीच लाख लावली होती!"

मी म्हटलं गळत नव्हतं, मी स्वतः पाणी भरून बघितलं होतं. तो म्हणाला शक्य नाही. शेवटी रात्री साडेअकराला सोलापूरला फोन लावला. ताई झोपेतून उठली, कोण गेलं म्हणून घाबरली, आणि ऐकून घेतल्यावर आम्हा दोघांनाही शिव्या देऊन म्हणाली की त्यात तिनं गेली वीस वर्षं तुळस लावलेली आहे.