लवती पापणी, धास्तावलेले मन

पापणी लवते, पोटरी फडफडते, दंडाचा एखादा कोपरा मधूनच उडतो आणि शांत होतो. निरोगी शरीरात हे सतत घडत असते. अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे सत्तर टक्के निरोगी व्यक्तींनी आपले स्नायू असे उडतात, असे सांगितले होते. बहुतेकांचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही. काहींचे मात्र जाते, आणि एकदा गेले की ते तिथून निघत नाही. अशा माणसांचे पुढचे काही महिने, क्वचित काही वर्षे, त्या एका फडफडीभोवती फिरू लागतात.

स्नायू उडतो त्यामागची यंत्रणा साधी आहे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात प्रेरक चेतापेशी असतात. प्रत्येकीचा एक लांब तंतू स्नायूपर्यंत पोहोचतो, तिथे त्याला फाटे फुटतात आणि एकेक फाटा एकेका स्नायुतंतूला जाऊन भिडतो. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूंत एका चेतापेशीच्या वाट्याला दहाएक स्नायुतंतू येतात, तर पोटरीत हजार-दोन हजार. एरवी हुकूम वरून येतो. पण चेतातंतू, विशेषतः स्नायूजवळच्या त्याच्या टोकाशी, कधी कधी आपणहून चेतवला जातो आणि त्याच्या अखत्यारीतले सगळे स्नायुतंतू एकदम आखडतात. सांधा हलत नाही, वस्तू हातून पडत नाही. दिवसभराच्या पायपिटीनंतर पाय लांब करून बसलेल्या माणसाच्या पोटरीवर उजेड तिरपा पडला, तर कातडीखाली काहीतरी उसळून बसल्यासारखे दिसते. क्षणभर तिथे, मग चार बोटे खाली, मग बराच वेळ काहीच नाही. जिवंत स्नायू विजेवर चालतो, हे बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून १७९१ मध्ये मांडले. त्या विजेचा एखादा भटका स्पंद म्हणजे ही फडफड.

जागरण, अतिश्रम, चहा-कॉफीचा अतिरेक, नुकताच येऊन गेलेला ताप आणि मनावरचा ताण या गोष्टी तिला खतपाणी घालतात. पापणीचे लवणे काही दिवस, क्वचित काही आठवडे टिकते आणि आले तसे निघून जाते. ज्यांच्या अंगभर ही फडफड दीर्घकाळ चालू राहते, तपासणीत मात्र काही सापडत नाही, त्यांच्या अवस्थेला वैद्यकात सौम्य फॅसिक्युलेशन सिंड्रोम म्हणतात. पायात गोळे येणे, मुंग्या येणे, लवकर थकवा जाणवणे हेही तिच्यासोबत असू शकते.

फडफड म्हणजे काहीतरी खबर आहे, ही समजूत फार जुनी. कालिदासाचा दुष्यंत आश्रमात पाऊल टाकतो आणि त्याचा उजवा बाहू स्फुरतो. पुढे दरबारात नाकारली जाण्याआधी शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, आणि स्त्रीचा उजवा डोळा लवणे अशुभ. अशोकवनात निराश बसलेल्या सीतेचा डावा डोळा स्फुरतो तेव्हा तो शुभशकुन ठरतो. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा डोळा लवला तर चांगले, हे मराठी घरांत आजही सहज बोलले जाते. त्या शकुनात निदान अर्धी शक्यता चांगल्या बातमीची होती. आज रात्री अंथरुणावर मोबाइलच्या उजेडात याच फडफडीचा अर्थ शोधणाऱ्याला पहिल्या काही ओळींतच एका भयंकर आजाराचे नाव दिसते, आणि तिथे शुभ बाजू उरतच नाही.

तो आजार म्हणजे एएलएस. फ्रेंच वैद्य झाँ-मार्टिन शार्को याने १८६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. यात प्रेरक चेतापेशी एकामागून एक मरतात आणि स्नायू वाळत जातात. त्यातही स्नायू उडतात, म्हणूनच ही धास्ती. परंतु दोन्हींतला फरक शक्तीचा आहे. एएलएसमध्ये चप्पल पायातून निसटू लागते, किल्ली फिरत नाही, सदऱ्याचे बटण लागत नाही, जिभेला शब्द जड होतात. तिथे उडणारा स्नायू दुबळा झालेला असतो आणि त्याचा मालक बहुधा डॉक्टरांकडे दुबळेपणाची तक्रार घेऊन जातो. फडफड पुष्कळदा डॉक्टरांनाच दिसते. सौम्य फडफडीत स्नायू उडतो आणि शाबूतही राहतो. महिनोन्‌महिने पोटरी उडत असूनही जो माणूस टाचांवर आणि चवड्यांवर चालू शकतो, जिने चढू शकतो, त्याच्या चेतापेशी आपले काम चोख करीत आहेत.

डेनी-ब्राउन आणि फोली या संशोधकांनी १९४८ मध्येच या निरुपद्रवी प्रकाराचे वर्णन वेगळे करून ठेवले होते. १९९३ मध्ये मेयो क्लिनिकने अशा १२१ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. काहींना तर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यांच्यापैकी एकालाही प्रेरक चेतापेशींचा आजार झाला नाही. एएलएस मुळातच विरळा आहे. युरोप-अमेरिकेच्या आकडेवारीनुसार वर्षाला लाखात साधारण दोघांना तो नव्याने होतो. शंका राहिलीच तर न्यूरॉलॉजिस्ट हातापायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात आणि गरज वाटल्यास ईएमजी करतात. त्यात बारीक सुई स्नायूत घालून त्यातली विद्युत हालचाल ऐकता आणि पाहता येते. मरणाऱ्या चेतातंतूंच्या खुणा त्यात स्पष्ट उमटतात.

कंपाची गोष्ट थोडी निराळी. प्रत्येकाचा हात कापतो, फक्त डोळ्यांना ते दिसत नाही. हात समोर ताठ धरून पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला की कागदाची कड थरथरताना दिसते. हा नैसर्गिक कंप सेकंदाला आठ ते बारा वेळा होतो. भीती, संताप, उपास, जड वजन उचलणे, दम्याच्या पंपातील सालब्युटामॉल, थायरॉइडचा अतिस्राव यांनी तो वाढतो. भीतीतला वाटा ॲड्रिनलिनचा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था कृष्णाला सांगतो: गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, रोमांच उभे राहिले, गांडीव हातातून निसटते आहे, मन भ्रमल्यासारखे झाले आहे. घाबरलेल्या शरीराचे इतके नेमके टिपण आजच्या रुग्णाच्या केसपेपरवरही क्वचितच सापडेल. त्या युगातला श्रेष्ठ धनुर्धर हे सांगत होता, आणि त्याच्या हातांना कोणताही आजार नव्हता.

कंप आजाराचा असतो तेव्हा त्याची चाल वेगळी असते. इसेन्शियल ट्रेमर बहुधा घराण्यात चालत येतो आणि काम करताना दिसतो: कपबशी ओठांशी नेताना, सही करताना. तो त्रास देतो, पण प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधांनी अनेकांना आराम पडतो. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये वर्णिलेला कंपवात मात्र हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, बहुधा एका बाजूने सुरू होतो, सेकंदाला चार ते सहा इतका संथ असतो आणि त्याच्याबरोबर हालचालीही मंदावतात. काळजीने कापणारा हात निराळाच वागतो. त्याच्याकडे पाहिले की तो जास्त कापतो, मालक गप्पांत रमला की शांत होतो.

खरा त्रास सुरू होतो तो या पाहण्यातून. मनात एकदा पाल चुकचुकली की शरीराची राखण सुरू होते. सकाळी उठल्याबरोबर आज फडफड आहे का, हे पाहिले जाते. आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का, याची तपासणी होते. बाहेर काढलेली जीभ तर प्रत्येकाचीच थरथरते, म्हणूनच डॉक्टर ती तोंडात सैल पडलेली असताना पाहतात. शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या जातात. डावी अर्ध्या इंचाने बारीक भरते, आणि ती जन्मापासून तशीच असेल, हे त्या क्षणी सुचत नाही. दिवसातून पन्नासदा चवड्यांवर उभे राहून ताकद अजमावली जाते. त्याने पोटरी दमते, दमलेली पोटरी आणखी उडते, आणि संशयाला हवा होता तो पुरावा हाती येतो. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण अशा माणसाला अक्षरशः लागू पडते.

याला अडाणीपणा समजणे चूक आहे. ऑस्ट्रेलियातील सायमन आणि कीरनन यांनी २०१३ मध्ये या भीतीचे वर्णन केले ते डॉक्टरांमधील भीतीचे. या डॉक्टरांनी एएलएसचे रुग्ण पाहिलेले होते, पाठ्यपुस्तके वाचलेली होती, आणि म्हणूनच स्वतःचा स्नायू उडताना त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. माहिती जितकी तपशीलवार, तितकी भीतीला जागा अधिक. घरचे लोक कंटाळून म्हणतात, ‘अहो, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग कशाला हाय खाता?’ प्रश्न प्रेमाचा असतो. त्याने जखम मात्र होते, कारण फडफड खरी असते, भीतीही खरी असते आणि झोप खरोखरच उडालेली असते. खोटा असतो तो फक्त लावलेला अर्थ.

आरोग्यचिंतेचा सर्वांत फसवा भाग दिलाशाचा. सॅल्कोव्हस्किस आणि वॉरविक यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की वारंवार मागितलेला दिलासाच ही चिंता जिवंत ठेवतो. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतात आणि दोन दिवस जिवाला बरे वाटते. तिसऱ्या दिवशी वाटते, त्यांनी डावा पाय नीट पाहिलाच नाही. मग दुसरे डॉक्टर, दुसरी ईएमजी, पुन्हा मोबाइल. प्रत्येक फेरीनंतर दिलाशाची मुदत आखूड होत जाते. म्हणून एकदा नीट, सविस्तर तपासणी व्हावी आणि तिथेच थांबावे, हे धोरण शहाणपणाचे. नुसते ‘काही नाही’ म्हणण्यापेक्षा हे काय आहे, कशाने होते आणि पुढे काय होणार नाही, हे दहा मिनिटे बसून समजावणारा डॉक्टर रुग्णाचे कितीतरी महिने वाचवतो.

उपचारांत बोधात्मक वर्तनोपचाराला भक्कम आधार आहे. त्यात फडफड थांबवण्याचा अट्टहास नसतो. टेप कपाटात जातो, आरशातली तपासणी आधी दिवसातून एकदा आणि मग बंद होते, घरच्यांना ‘मला काही झालं नाही ना?’ असे विचारणे आवरले जाते, आणि अनिश्चितता थोडी थोडी सोसायची सवय केली जाते. चिंता फार असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. झोप सुधारली, चहा कमी झाला, नियमित चालणे सुरू झाले की फडफडही बहुधा उतरते, पण अनेकांची पूर्ण जात नाही. ती वर्षानुवर्षे येत-जात राहते आणि त्यासोबत नोकरी, संसार, प्रवास, सगळे सुरळीत चालते.

डॉक्टरांना दाखवण्याची कारणे ठरलेली आहेत: हातापायाची ताकद कमी होणे, स्नायू वाळणे, बोलणे वा गिळणे अवघड होणे, विसावलेल्या हाताला एका बाजूचा कंप, कंपासोबत वजन घटणे आणि छातीत धडधड. एक प्रसंग मात्र तातडीचा. शेतात कीटकनाशक फवारल्यानंतर अंगभर स्नायू उडू लागले आणि सोबत घाम, लाळ, उलट्या, धाप असेल, तर ती विषबाधा असू शकते. अशा माणसाला वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

आणि तपासणी स्वच्छ येऊनही जिवाचा घोर सरत नसेल, तर तोही दाखवण्यासारखाच त्रास आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीतून बोलता येते.