दीवच्या टेकाडावरची ‘खुकरी’

मुलांनो, आपल्या काशीगावाजवळ घोडबंदरचा किल्ला आहे ना, तो मूळचा पोर्तुगीजांचा. त्याच पोर्तुगीजांचा एक प्रचंड किल्ला दीव बेटावर आहे. रेल्वेनं वेरावळ गाठायचं, पुढे मोटारीनं दीव. सगळे आधी किल्ल्याकडे धावतात. मला विचाराल तर आधी चक्रतीर्थाच्या किनाऱ्यावर जा. तिथं टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या पेटीत एका युद्धनौकेची प्रतिकृती उभी आहे. ही आय.एन.एस. खुकरी.

खुकरी म्हणजे गुरख्यांचा वाकडा सुरा. तिच्या भगिनी-नौकांची नावंही शस्त्रांचीच : किरपाण आणि कुठार. इंग्लंडमध्ये बांधलेली ही फ्रिगेट वाफेच्या टर्बाइनवर चाले. बॉयलरमध्ये वाफ करायची, तिच्या जोरावर पंखा फिरवायचा. काम तिचं एकच, पाणबुड्या हुडकणं.

डिसेंबर १९७१. पाकिस्तानशी युद्ध पेटलं होतं. ‘हंगोर’ ही पाकिस्तानी पाणबुडी आपल्या किनाऱ्याजवळ घुटमळतेय असा सुगावा लागला, आणि खुकरी व किरपाण मुंबईहून तिच्या शोधात निघाल्या. पाणबुडी शोधतात सोनारनं, म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. नौका जोरात गेली की तिचाच गोंगाट होतो, म्हणून वेग कमी ठेवावा लागतो. पण हळू चालणारी नौका टिपायलाही सोपी! हंगोरचं सोनार जास्त लांबचं ऐकत होतं.

९ डिसेंबरच्या रात्री टॉर्पेडो आदळला. काही मिनिटांतच खुकरी बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिलं, माणसांना बाहेर काढलं आणि स्वतः नौकेवरच राहिले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. किरपाणवरही टॉर्पेडो आला, पण ती निसटली. दुसऱ्या दिवशी परत येऊन वाचलेल्यांना उचलण्यात तिचाही हात होता. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर युद्धात गमावलेली आपली ही एकच युद्धनौका.

पुढे आपल्या माझगाव गोदीत दुसरी खुकरी बांधली गेली. १९८९ साली ती नौदलात आली, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली, आणि तिलाही दीवच्याच हवाली केलं. पहिली खुकरी मात्र तिथून सुमारे ४० सागरी मैलांवर, समुद्राच्या तळाशी आहे.