भत्ता किती, आणि कधी?

परदेशी शिष्यवृत्तीची बातमी तालुक्यात पोचते ती 'अमुक लाखांची शिष्यवृत्ती' अशा मथळ्यानं. सत्कार होतो, चौकात फ्लेक्स लागतो. त्या लाखांतला मोठा वाटा शिक्षणशुल्क म्हणून परस्पर विद्यापीठाकडे जातो, हे फ्लेक्सवर मावत नाही. विद्यार्थ्याच्या हाती पडतो तो निर्वाह भत्ता. खोलीचं भाडं, किराणा, बस, मोबाइल, थंडीचा कोट, दुखणंखुपणं, सगळं त्यातच बसवायचं.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पैशांच्या अडचणींत सल्ला देण्याचं काम करते. माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीत नायजेरियाची मुलं बसतात, व्हिएतनामची बसतात, आणि मराठवाड्यातलीही बसतात. आधी वाटायचं, भत्ता तोकडा असतो एवढाच प्रश्न आहे. तोकडा असतोच, पण मुलं अडकतात ती बहुतेकदा तारखांत. खर्च आधी येतो आणि पैसे मागाहून. शिष्यवृत्तीच्या चर्चेत 'किती' सगळे विचारतात, 'कधी' फारसं कुणी विचारत नाही.

तरी सुरुवात 'किती'पासूनच करू. अनुसूचित जाती व इतर काही घटकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे: वर्षाला १२५ जागा, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. तिचा निर्वाह भत्ता ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड आणि अमेरिकेसह इतर देशांसाठी १५,४०० डॉलर. पुस्तकं, अभ्यासदौरे अशा आकस्मिक खर्चासाठी ब्रिटनमध्ये १,१०० पौंड वेगळे. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जाहिरातींतही हेच आकडे दिसतात, आणि गेली कित्येक वर्षं तेच छापले जाताहेत.

९,९०० भागिले बारा म्हणजे महिना ८२५ पौंड. आता ब्रिटिश सरकार स्वतः काय म्हणतं ते पाहा. विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याखाण्याची किमान सोय दाखवावी लागते. २०२५च्या सप्टेंबरात आलेल्यांना ती लंडनबाहेर महिना १,१३६ आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड या दरानं, जास्तीत जास्त नऊ महिन्यांची दाखवावी लागली. नोव्हेंबरात हे दर आणखी चढले. म्हणजे जो देश 'एवढे तरी हवेतच' म्हणतो, त्याच्या सप्टेंबरातल्या हिशेबातही लंडनबाहेर महिना ३११ पौंड कमी पडत होते. रुपयांत पस्तीस हजारांच्या घरात. ज्या घरात वर्षाला आठ लाखांहून जास्त येत नाहीत, त्याच घरातल्या मुलांसाठी ही योजना आहे. महिन्याचे ६६ हजार धरले, तर निम्म्याहून जास्त कमाई एका मुलासाठी इकडे पाठवायची, आणि बाकीच्यांनी उरल्यात भागवायचं. हे होत नाही. मग मुलगा सकाळचं जेवण सोडतो.

दुसरीकडे ब्रिटनच्या संशोधन परिषदांचं विद्यावेतन बघा. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ते २०२१-२२ मध्ये वर्षाला किमान १५,६०९ पौंड होतं. २०२२ मध्ये महागाईनं अकरा टक्के गाठले, तेव्हा आधी जाहीर केलेला १६,०६२चा आकडा बाजूला ठेवून १७,६६८ केला गेला. २०२५-२६ मध्ये तो २०,७८० झाला. त्यावर आयकर नाही. २०२१पासून या जागा परदेशी विद्यार्थ्यांनाही मर्यादित प्रमाणात खुल्या आहेत. त्यामुळे एकाच प्रयोगशाळेत शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन भारतीय मुलींपैकी एकीला दुसरीच्या दुप्पट पैसे मिळतात, असं घडू शकतं. दोघींचं दूध मात्र एकाच दुकानातून येतं.

आता तारखा. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो: विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. वर्षभराच्या एम.एस्सी.साठी व्हिसा साधारण सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पौंड. तोही एकरकमी, विमानाचं तिकीट काढण्याआधी. त्यात व्हिसाची फी, क्षयरोगाची तपासणी मिळवा. यातलं काही शिष्यवृत्ती नंतर परत करते. पण 'नंतर'पर्यंत ते कुणाच्या तरी खिशातून गेलेलं असतं. सरकारच्या हमीपत्रातली रक्कम व्हिसाच्या आकड्याहून कमी असेल, तर फरकाचे पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवावं लागतं. ज्या मावशींनी ते उसने दिले, त्यांना महिनाभर परत मागता येत नाहीत.

मग इथलं घर. भाडं आठवड्यावर सांगतात, आणि आपली मुलं त्याला चारानं गुणतात. आठवड्याला १५० पौंड म्हणजे महिना ६०० नव्हे, ६५० होतात, कारण वर्षात आठवडे बावन्न असतात. वर्षाला दोन महिन्यांचं अख्खं किराणा बिल या गुणाकारात हरवतं. खाजगी घर घ्यावं, तर इंग्लंडमध्ये अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. २०१९पासून तसा कायदा आहे. पण ब्रिटनमध्ये राहणारा, पगार असलेला जामीनदार नसेल, तर परदेशी विद्यार्थ्याकडे सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची पद्धत पडून गेली. नवा भाडेकरू कायदा तिला चाप लावू पाहतो. विद्यापीठाच्या वसतिगृहात जामीन नसतो, पण भाड्याचा पहिला हप्ता सत्र सुरू होताच कापला जातो. बँकेचं खातं उघडायलाच कधीकधी काही आठवडे लागतात, आणि भत्ता तर खातं उघडल्यावर, नोंदणीचं पत्र पाठवल्यावर, ते तपासून झाल्यावर येतो.

हा पहिला दीड-दोन महिन्यांचा खड्डा सगळ्यात खोल. याच दिवसांत गादी, पांघरूण, कुकर, कोट घ्यायचा असतो. कुणी गावाकडून सावकारी व्याजानं पैसे मागवतं, कुणी खोलीतल्या मित्राच्या कार्डावर दिवस काढतं. आमच्यासारख्या विभागांकडे अशा वेळी छोटं बिनव्याजी तात्पुरतं कर्ज असतं. भत्ता येणार असल्याचं पत्र दाखवलं की ते मिळतं, भत्ता आला की फेडायचं. ते घ्यायला मुलं येतात ती डिसेंबरात, तोवर दोन महिने ओढाताण झालेली असते. का आला नाहीस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "शिष्यवृत्तीवर आलोय मॅडम, अजून काय मागायचं?"

मग काम करा की, असं घरून सुचवलं जातं. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं आणि एप्रिल २०२५मध्ये एकवीस वर्षांवरच्यांचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. ऐकायला बरं वाटतं. पण एम.एस्सी.वाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. प्रबंधाचे ते महिने सत्रातच धरतात, म्हणून जुलैतही वीसच तास. डिलिव्हरीच्या अ‍ॅपवर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून सायकल हाणणं तर या व्हिसावर बेकायदाच, कारण स्वयंरोजगाराला परवानगी नाही. शिवाय राष्ट्रीय योजनेच्या नियमावलीत एक कलम दडलेलं आहे: संशोधन किंवा अध्यापन सहायक म्हणून ब्रिटनमध्ये वर्षाला १,५६० पौंडांपर्यंत कमावता येतं, वर गेलं तर तेवढा भत्ता कापायचा. त्या किमान वेतनानं आठवड्याला वीस तास केले, तरी ही मर्यादा सहा-सात आठवड्यांत गाठली जाते. एका हातानं तोकडा भत्ता द्यायचा आणि दुसऱ्या हातानं कमाईला टोपण घालायचं, यामागचं तर्कशास्त्र मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

संशोधक विद्यार्थ्यांचा खड्डा दुसऱ्या टोकाला असतो. विद्यावेतन ठरलेल्या मुदतीला थांबतं, प्रबंध थांबत नाही. लेखनाच्या त्या महिन्यांत नोंदणी पूर्णवेळ राहिली नाही, तर काउन्सिल टॅक्सची माफीही जाते, आणि घरपट्टीचं बिल दारात पडतं. पहिली तीन वर्षं काटकसरीनं काढलेला विद्यार्थी शेवटच्या सहा महिन्यांत कर्जबाजारी होतो.

हे आजचं दुखणं नाही. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तिथून ते लंडनला पोचले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं काम अर्ध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये परतावं लागलं. पुढं सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये लंडनला परत गेले आणि अभ्यास पुरा केला. मधली तीन वर्षं बुद्धीअभावी वा कष्टांअभावी गेली नव्हती. शिष्यवृत्तीचं वेळापत्रक आणि अभ्यासाचं वेळापत्रक जुळलं नाही, म्हणून गेली. शाहू महाराजांचं नाव आज ज्या योजनेला आहे, तिच्या फायली हाताळणाऱ्यांनी हा प्रसंग समोर ठेवावा असं मला वाटतं.

उपाय फार खर्चिक नाहीत. भत्ता त्या-त्या देशाच्या व्हिसासाठीच्या आकड्याला बांधून टाकावा. तो वाढला की हा आपोआप वाढेल, दरवेळी नव्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. पहिल्या तिमाहीचा भत्ता आणि आरोग्य अधिभार विमानात बसण्याआधी द्यावा. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत गरम कपड्यांसाठीही वेगळा भत्ता आहे. तो ठरवणाऱ्याला ठाऊक होतं की उष्ण देशातल्या मुलाच्या ट्रंकेत कोट नसतो. खरेदीची यादी समोर ठेवून योजना आखली की अशा गोष्टी सुचतात.

योजना सुधारेपर्यंत मुलांनी काय करावं? निवडीचं पत्र हातात पडताच तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: पहिला हप्ता कोणत्या कागदानंतर आणि किती दिवसांत मिळतो, परतावा कशाकशाचा मिळतो, आणि मुदतवाढ मागायची तर किती आधी. प्रवासाआधीच्या खर्चाची पावती जपावी. शहर निवडताना विद्यापीठाच्या क्रमवारीइतकंच भाड्याकडेही बघावं. लंडन आणि शेफील्ड यांना भत्ता एकच आहे. इथे आल्यावर डॉक्टरकडे नाव लगेच नोंदवावं, ते फुकट आहे. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीला ९.९० पौंड पडतात, पण कमी उत्पन्न असेल तर 'एचसी-वन' हा अर्ज भरून ते माफ करून घेता येतात. व्हिसाच्या अटींत त्यानं बाधा येत नाही.

आणि विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य विभागात पहिल्याच आठवड्यात जाऊन यावं, पैसे असतानाच. संकटनिधी देताना आम्ही विचारतो की येताना तुमची सोय होती का, आणि मग अचानक काय बदललं. भत्ता लांबला हे सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. कधी येणार होता, कधी विचारणा केली, काय उत्तर आलं, हे ज्याच्याकडे तारीखवार आहे त्याचा अर्ज दुपारपर्यंत मंजूर करता येतो. ज्याच्याकडे फक्त संकोच आहे, त्याच्यासाठी मला इच्छा असूनही सही करता येत नाही. शिष्यवृत्ती तुम्ही गुणांवर मिळवलेली असते. ती वेळेवर मागण्यात ओशाळं व्हावं असं काहीच नाही.