चमच्यांच्या कारखान्यातील आठ महिने

मागील महिन्यात आमच्या मेहरूणच्या घरी सूनबाईंनी चमचे, काटे व सुऱ्या यांचा नवा संच आणला. धाकट्या नातवाने त्यांना लोहचुंबक लावून पाहिले. सुरी चिकटली, चमचा काही केल्या चिकटेना. "आजोबा, असे का?" असे त्याने विचारिले, आणि उत्तर देता देता मी जवळजवळ पन्नास वर्षे मागे गेलो.

१९७५ साली मी मॅट्रिक झालो. संस्कृत वडिलांनी घरीच शिकविले होते. परंतु शब्दरूपावलीने पोट भरत नाही. १९७७ साली एका परिचितांच्या ओळखीने मी भाईंदरला गेलो. तेथे त्या काळी स्टेनलेस स्टीलच्या वस्तू करणारे लहानमोठे कारखाने पुष्कळ होते. त्यांपैकी एकात मी आठ महिने काम केले. वडिलांना मात्र हिशेबनिसाची जागा मिळाल्याचे कळविले होते.

पत्र्यातून प्रथम चमच्याचा सपाट आकार कापून निघे, मग साच्याखाली दाबून त्याला खोलगटपणा येई, आणि शेवटी फिरत्या कापडी चाकावर मसाला लावून झिलई देत. मी झिलईवर असे. संध्याकाळी हात कोपरापर्यंत काळे होत. चमच्याच्या चांगल्या पोलादात शंभरात सुमारे अठरा भाग क्रोमियम व आठ भाग निकेल असते, म्हणून त्याला चुंबक धरीत नाही. सुरीच्या पोलादात निकेल बहुधा नसते, कर्ब अधिक असतो. ते तापवून विझविले म्हणजे कठीण होते व धार धरते. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. सुरीचे हे न गंजणारे पोलाद १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने तयार केले.

एवढे मी नातवास सांगितले. पुढचे सांगवले नाही, ते येथे लिहितो.

दाबयंत्रावर धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा एक सोबती होता. वयाने वडील, म्हणून मी त्याला दादा म्हणे. माझे अक्षर पाहून तो मला मास्तर म्हणे. त्याची घरची पत्रे मीच लिहीत असे. यंत्रापुढील जाळीमुळे काम सावकाश होते म्हणून मुकादमाने ती काढविली होती, हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. एके दुपारी दादाची दोन बोटे साच्याखाली गेली. तिसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावून जबाब सांगितला : मनाई असता जाळी मी स्वतः काढिली. मी तो सुवाच्य अक्षरात उतरविला. दादाला वाचून दाखविताना तेवढे वाक्य मी भरभर वाचले. "मास्तर, तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असेल," असे म्हणून त्याने डाव्या हाताचा अंगठा उमटविला.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले असेल, तर अशा इजेची भरपाई मालकाला त्यात टाळता येत असे. त्या एका वाक्याचे मोल मला फार पुढे कळले. पण ते खोटे आहे, हे लिहितानाच कळत होते. महिन्याच्या पगारावर दादाची बोळवण झाली. मीही नोकरी सोडली, पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि १९८० ते २०१६ अशी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, असा अर्थ मुलांना सांगताना दरवेळी तो कागद डोळ्यांपुढे येई.

त्याच्या गावाचा पत्ता मला पाठ होता. पाकिटांवर मीच लिहिलेला. दोनदा तेथवर गेलो आणि एस.टी.च्या थांब्यावरूनच परतलो. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे. दादा नसेल तर त्याच्या मुलांना सांगेन. या खेपेस नातवाला बरोबर नेतो आहे. त्याच्या देखत थांब्यावरून मागे फिरणे मला जमणार नाही.